बर्फावर नसलेली ग्लेनिस

आमच्या दवाखान्यात शिरलं की उजव्या हाताला एक काचेची खिडकी आहे. तिच्यामागं गेली एकोणीस वर्षं ग्लेनिस पेनहेल बसते. फोन घेते, पेशंटना वेळा देते, म्हाताऱ्यांना बसायला सांगते आणि त्यांच्या कुत्र्यांना बाहेर बांधायला लावते. मी आतली नर्स. अॅडलेडपासून दोन तासांवरचं आमचं वॉलारू, गाव ते केवढं! कुणाच्या होडीचं इंजिन बिघडलं, हे त्याच्या बायकोच्या आधी धक्क्यावर कळतं. पण ग्लेनिसबद्दल विचाराल तर लोक एवढंच सांगतील, "चांगली बाई आहे. वॉरन ट्रेझाइजची पहिली बायको. दोघं एकदा कुठंतरी लांब जाऊन आली."

ते लांब म्हणजे बालीपासून लंडनपर्यंत, जमिनीवरून. बालीला जायला विमान घ्यावं लागलं, कारण समुद्राला इलाज नव्हता. पुढं सगळं बस, आगगाडी, ट्रक आणि होड्या. पंच्याण्णव सालची गोष्ट. लग्नाला तीन वर्षं झाली होती. वॉरन बंदरावरच्या गव्हाच्या कोठारांवर कामाला होता, ग्लेनिस बेकरीत मांस-बटाट्याच्या पेस्ट्या भरायची. त्यांच्या वयाची बाकीची जोडपी जमीन घेऊन घरं बांधत होती. वॉरनच्या डोक्यात नकाशा शिरला. "घर काय, कधीही बांधता येतं," तो म्हणाला. तिनं बेकरीतल्या मालकिणीला सांगितलं, दोन पाठपिशव्या घेतल्या आणि निघाली.

हे सगळं मला तिनं एका दमात कधी सांगितलं नाही. दहा वर्षांत, चहाच्या सुट्टीत, तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. कुणी विचारलं तरच ती बोलायची, आणि विचारायचं कुणी नाही.

वॉरन बोलका. कुठल्याही धर्मशाळेत, कुठल्याही बाकावर त्याला पाच मिनिटांत दोस्त मिळायचे. पुढची बस कुठून सुटते, स्वस्त खाट कुठं मिळते, कुठल्या सीमेवरचा शिपाई छळतो, सगळी माहिती काढायला तो जायचा आणि ग्लेनिस दोन्ही पिशव्या राखत बसायची. अर्ध्या तासासाठी जायचा, तीन तासांनी यायचा. कुणा स्वीडिश माणसाबरोबर चहा प्यालेला, खूश असा. "अगं, काय माणूस होता! तू यायला हवं होतंस."

"आणि पिशव्या?"

"हो, ते पण आहेच."

"नऊ देशांतले बस स्टँड मला तोंडपाठ आहेत," ती एकदा मला म्हणाली. "जागेवर बसून जेवढं दिसतं तेवढे."

भांडणं फारशी नव्हती. पैसे वाचवायचे म्हणून रात्रीच्या बसनं जायचं, म्हणजे खाटेचं भाडं वाचतं. मग दिवसभर दोघंही पेंगलेले. त्यात बोलणार काय? सुमात्रात तिला ताप आला, लाओसमध्ये त्याला. एकमेकांचं केलं दोघांनी. पण चीनमध्ये, तीन दिवसांच्या आगगाडीत, समोरासमोर बसून तिच्या लक्षात आलं की आज सकाळपासून आपण याच्याशी बोललोच नाही, आणि याला ते कळलेलंही नाही. खिडकीबाहेर नुसतं वाळवंट. डब्यातली एक बाई भोपळ्याच्या बिया सोलत होती. तिनं मूठभर बिया ग्लेनिसच्या हातावर ठेवल्या. ग्लेनिसला रडू यायला लागलं, म्हणून ती संडासात जाऊन उभी राहिली.

जुलैमध्ये ती दोघं काश्गरहून बसनं खिंड ओलांडून पाकिस्तानात उतरली. उतरताना ग्लेनिसचा पाय बसच्या पायरीवरून निसटला आणि गुडघा नारळाएवढा सुजला. नेमकं त्याच वेळी वॉरनला दोन जर्मन भेटली. उल्रिके नावाची मुलगी आणि तिचा भाऊ. तिघांनी हिमनदी ओलांडून पलीकडच्या कुरणांवर जायचं ठरवलं. वाटाड्या मिळाला होता, दोर मिळाला होता, आणि तिघांत खर्च वाटला तर परवडत होतं. फक्त ग्लेनिसला चालता येत नव्हतं.

"मी नाही जात," वॉरन म्हणाला. म्हणताना तो डोंगराकडं बघत होता.

"जा रे," ती म्हणाली.

मग त्यानं खालच्या एका वस्तीत तिची सोय लावली. एक म्हातारी, तिच्या दोन सुना, त्यांची पोरं. घरातले पुरुष वर गुरांकडं गेलेले. नऊ दिवसांनी येतो असं सांगून तो गेला.

जर्दाळूंचा हंगाम होता. सकाळी पोरं झाडावर चढून फांद्या हलवायची, खाली बायका चादर धरायच्या. मग सपाट छतावर बसून एकेक फळ अंगठ्यानं फोडायचं, बी काढायची, आणि दोन्ही फाका चटईवर उताण्या मांडायच्या. ग्लेनिसला पाय लांब करून बसता येत होतं, आणि हातांना काही झालं नव्हतं. तिचा हात हळू चालायचा. सुना तिच्याकडं बघून हसायच्या, आणि म्हातारी त्यांना दटावता दटावता स्वतःच हसायची. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं बोटानं हिमनदी दाखवली आणि वॉरनची नक्कल केली. पाठीवर हे एवढं ओझं, नाक वर, लांब लांब ढांगा, आणि मध्येच थांबून नाक शिंकरणं. इतकी हुबेहूब की ग्लेनिस चटईवर आडवी होऊन हसली. दुपारी धाकटी सून तिचे केस विंचरून वेण्या घालायची. नाव त्यांनी तिचं 'गिलन' करून टाकलं होतं.

"नऊ दिवसांत मला कुणी एकदाही पिशव्या राखायला सांगितलं नाही," ती म्हणाली होती. एवढंच सांगून ती चहाचा कप विसळायला गेली होती.

वॉरन परत आला तो नाक सोललेला, दाढी वाढलेला, आनंदानं वेडा झालेला. त्याच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. इराण, तुर्कस्तान, ग्रीस, सगळीकडं, जो भेटेल त्याला, बर्फाची गोष्ट. लंडनला पोहोचले तेव्हा डिसेंबर होता. तिथं पबमध्ये भांडी घासून परतीच्या विमानाचे पैसे जमवले आणि घरी आले.

घरी तिची आई म्हणाली, "वाळलीस गं. बार्बमावशीच्या खुब्याच्या ऑपरेशनचं पत्र मिळालं का तुला?" गावातल्या पबमध्ये कुणी तरी विचारलं, "काय मग, कशी झाली सहल?" वॉरननं तोंड उघडलं, तेवढ्यात विचारणाराच म्हणाला, "आपण फुटबॉलात शेजारच्या कडिनाला सहा गोलांनी हरवलं, माहितेय का?" वॉरननं हिमनदीची गोष्ट दोन-तीन आठवडे सांगितली. मग लोक त्याला बघून ग्लास उचलून दुसऱ्या टेबलावर जायला लागले.

अठ्ठ्याण्णव साली तो दूर पश्चिमेकडं कॅलगुर्लीला सोन्याच्या खाणीत गेला. सुरुवातीला दर महिन्याला यायचा, मग सणावारी, मग घटस्फोटाचे कागद आले. तिनं सह्या करून टाकल्या. प्रवासातल्या फिल्मची रिळं त्याच्या ट्रंकेत होती, ती तिकडंच गेली. तिनं आडनाव पुन्हा माहेरचं लावलं आणि आईच्या घरात राहायला गेली. आई गेल्यावर तिथंच राहिली. तिला कुणी जोडीदार मिळाला नाही असं नाही. धान्य मंडळाचा एक माणूस दोन वर्षं यायचा. पण त्याला पाहिजे होती समोर बसून टीव्ही बघणारी बाई, आणि तीही शेवटी कंटाळली.

आता दोन हजार एकोणीस. आमच्याकडं नवीन डॉक्टर आले, नियात शाह. मूळचे गिलगिटचे, त्या हिमनदीच्याच भागातले. पहिल्याच आठवड्यात ग्लेनिस त्यांना चहा देताना म्हणाली, "मी गेले होते तुमच्याकडं. पंच्याण्णव साली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "खरंच? कुठल्या गावात?"

चोवीस वर्षांत तिला हे विचारणारा तो पहिला माणूस. आणि तिला सांगता येईना.

"नदीच्या वर होतं," ती म्हणाली. "सपाट छतं. जर्दाळूची झाडं. समोर सुळक्यासुळक्यांचे डोंगर."

डॉक्टर हसले. "बाई, असं म्हटलं तर आमची सगळीच गावं तशी. नाव आठवलं तर सांगा. माझी मामी त्याच भागातली, विचारतो मी."

तिनं खूप डोकं खाजवलं. वाचनालयात जाऊन नकाशे उघडले. पाच-सहा नावं काढली, सगळी ओळखीची वाटली आणि एकही ओळखीचं वाटेना. तीन आठवड्यांनी मला म्हणाली, "जगात एकाच माणसाला ते नाव माहीत असणार."

"मग कर ना फोन."

"वीस वर्षांत केला नाही गं."

"आता नाव विचारायला करतेयस. लग्न करायला नाही."

त्या रविवारी दुपारी मी तिच्याकडंच होते. खेकडे उकडत ठेवले होते. तिनं स्वयंपाकघरातनंच फोन लावला. मी उठून जायला लागले तर तिनं माझा हात धरला आणि फोन स्पीकरवर टाकला.

एका बाईनं फोन उचलला. वॉरनची दुसरी बायको, लिनेट. ग्लेनिसनं नाव सांगितलं. ती ओरडलीच, "कोण ग्लेनिस? ती ग्लेनिस? बर्फावरची?"

"काय?"

"अगं बाई! अठरा वर्षं ऐकतेय मी तुझ्याबद्दल. घरी कुणी जेवायला आलं की मांसाचा पहिला तुकडा भाजायच्या आत तुझी गोष्ट सुरू होते. बर्फातल्या भेगेपाशी सगळे थांबले आणि तू म्हणालीस, मी जाते पुढं. खरं सांगू? मला तर शिडीवर चढायची भीती वाटते. मी किती वेळा म्हटलंय याला, मग त्या बर्फवालीलाच ठेवून घ्यायचं होतंस." ती हसली. हसण्यात राग नव्हता, पण थोडी दमणूक होती. "थांब, देते त्याला."

वॉरन आला. आवाज जाडा झालेला. "ग्लेन? सगळं ठीक आहे ना? कुणी गेलं का?"

"कुणी गेलं नाही. वॉरन, त्या गावाचं नाव काय होतं? हिमनदीच्या खालचं. मी राहिले होते ते."

"राहिलीस कुठं? तू आमच्याबरोबर होतीस की."

"नव्हते."

"असं काय करतेस? तू माझ्या मागं होतीस दोराला. मग भेगेपाशी पुढं गेलीस. लाल जाकीट."

"लाल जाकीट उल्रिकेचं. माझा गुडघा सुजला होता. मी खाली छतावर जर्दाळू फोडत होते."

"नाही," तो म्हणाला. मग, "तुला नक्की आठवतंय?"

"माझाच गुडघा होता, वॉरन."

भांड्यातलं पाणी उतू जायला लागलं, मी जाऊन गॅस बारीक केला.

"मग माझ्यामागं कोण होतं?" त्यानं विचारलं.

"सांगितलं ना. उल्रिके. ती आणि तिचा भाऊ."

"मला तिचं तोंडसुद्धा आठवत नाही गं. मागं वळून बघितलं की तूच दिसतेस."

ग्लेनिसनं डोळे मिटून घेतले. ती काही तरी बोलेल असं मला वाटलं. पण ती पुन्हा एवढंच म्हणाली, "आणि गावाचं नाव?"

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "मी तिथं होतोच कुठं?"

दहा-बारा दिवसांनी त्याच्याकडून एक खोकं आलं. त्यात प्रवासातल्या फोटोंच्या पारदर्शक स्लाइड होत्या, साठ-सत्तर. आम्ही दोघींनी चहाच्या सुट्टीत दवाखान्याच्या खिडकीशी धरून एकेक बघितली. बर्फ, दोर, लाल जाकीट घातलेली उंच मुलगी. ग्लेनिस फक्त एकीत होती. कुठल्या तरी बस स्टँडवर, डोक्याला रुमाल, पायाशी दोन पिशव्या, आणि कॅमेऱ्याकडं न बघता भलतीकडंच बघणारी. कुठलं गाव ते तिला ओळखता येईना. खोक्यात चिठ्ठी नव्हती.

महिन्याभरानं लिनेटचा फोन आला, दवाखान्यातच. "तू त्याला असं का सांगितलंस?" ती म्हणाली. "मी तुला दोष देत नाही. पण काय बिघडलं असतं? परवा घरी माणसं जेवायला होती, कुणी तरी म्हणालं, वॉरन, ती बर्फाची गोष्ट सांग. तर हा म्हणे, मला ती नीट आठवत नाही. उठून मागं जाऊन बसला. असा नव्हता गं तो कधी. माझी काय, मी कंटाळलेच होते त्या गोष्टीला. पण ती नाही तर त्याच्याकडं दुसरं काय आहे सांगायला? खाणीतलं कोण ऐकतं?"

ग्लेनिसनं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर तिनं दोन पेशंटना चुकीच्या वेळा दिल्या. असं तिनं एकोणीस वर्षांत केलेलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही धक्क्यापर्यंत चालत गेलो. वारा खूप होता. मासे धरणारे तेवढे दोघं-तिघं बसलेले.

"एक सांगू?" ती म्हणाली. "हे मी कुणाला बोलले नाही. ते परत आले ना, तेव्हा आधी मलाच दिसले. मी छतावर होते. लांब, उतारावर चार ठिपके. पुढचा ठिपका वॉरन, चालण्यावरनं कळलं. म्हातारीनं पण बघितलं, तिनं मला कोपरानं ढोसलं, तुझा नवरा आला म्हणून. संपलं, असं वाटलं. मी खाली मान घालून फळं फोडत राहिले. तो अगदी दारात येऊन हाक मारेपर्यंत मी मान वर केली नाही. नवरा हिमनदीवरनं जिवंत परत येतो आणि बायकोला वाईट वाटतं. कसली बाई मी?"

मी म्हटलं, "सत्तावीस वर्षांची होतीस."

"ते काय उत्तर झालं?"

जेवणाची सुट्टी संपत आली होती, आम्ही परत वळलो.

पुढच्या रविवारी तिनं त्याला फोन केला. या वेळी मी तिथं नव्हते, तिनं मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "वॉरन, बर्फावर मी नव्हते. पण तुम्ही उतरताना मी पाहिलं. छतावरनं. तू सगळ्यात पुढं होतास. गावात सगळ्यांच्या आधी मलाच दिसलास तू."

तो म्हणाला, "तू बघत होतीस?"

"हो."

"रोज चढायचीस छतावर?"

"रोज," ती म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

त्यानंतर लिनेटकडनं कळलं की गोष्ट परत सुरू झाली. आता तीत लाल जाकीटवाली जर्मन मुलगी भेगेवरनं पुढं जाते. आणि शेवट नवा आहे. खाली गावात सुजलेला गुडघा घेऊन त्याची बायको नऊ दिवस छतावर बसून वाट बघते, आणि ठिपके दिसताच रुमाल काढून हलवते, ओरडते, लंगडत जिना उतरते. लिनेट म्हणते, या शेवटाला बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. तो आता महिन्यातून एकदा तरी ग्लेनिसला फोन करतो आणि विचारतो, "रुमाल कुठल्या रंगाचा होता गं?"

"निळा," तिनं सांगून टाकलं.

डॉक्टर नियात शाह सहा महिन्यांनी अॅडलेडच्या मोठ्या इस्पितळात गेले. जाताना त्यांनी ग्लेनिसला विचारलं, गाव सापडलं का? ती म्हणाली, नाही, राहू दे. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाई पर्थच्या आहेत.

मध्यंतरी एका सकाळी दार उघडायला वेळ होता. मी तिला म्हटलं, "तू त्याला खरं सांगायला हवं होतंस."

"एकदा सांगितलं की. काय झालं ते बघितलंस ना."

"मग मला सांग. त्या घराबद्दल, त्या बायकांबद्दल. सगळं पहिल्यापासून सांग. मी ऐकते."

ती खुर्चीत सरळ झाली. सांगायचं मनात होतं तिच्या, ते मला दिसत होतं. "सकाळी ना," ती म्हणाली, "म्हातारी उठून आधी…" आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली. "त्यांचा चहा खारट असायचा. म्हणजे आपल्यासारखा नाही. आणि मोठी सून, ती अशी…" तिनं हातानं काही तरी करून दाखवलं, गोल, हवेत. मला समजलं नाही. मी मान हलवली. मला समजलं नाही हे तिला समजलं.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "तू असायला हवी होतीस तिथं."

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर धक्क्यावरचा एक जण उभा होता, अंगठ्यात गळ रुतलेला, रक्तानं भरलेला टॉवेल गुंडाळलेला, आणि शिव्या देत होता. ग्लेनिस उठली, कुलूप काढलं आणि त्याला म्हणाली, "आधी नाव सांग आणि कुत्रा बाहेर बांध."